किलोमीटर सतरा, मीटर चारशे

ती घटना आठवली की माझी आजही चिडचिड होते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा तर विजेचं सबंध रोहित्र पळवून नेणारी टोळी पकडली. ते सगळं आता शांतपणे आठवतं. पण रस्त्याकडेच्या दोन पत्र्याच्या फलकांची ती किरकोळ चोरी आठवली, की मला आधी इतरांचा राग येतो आणि मग, थोड्या वेळाने, माझा स्वतःचा.

तेव्हा जिल्ह्याचं नाव नगर होतं आणि मी दक्षिणेकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ठाण्याचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही.

आमच्या हद्दीतून एक मोठा रस्ता जातो. पूर्वी त्यावर इतके खड्डे होते की वेगमर्यादेची गरजच नव्हती. ते काम खड्डे करत. मग रस्ता रुंद झाला, गुळगुळीत झाला आणि ठिकठिकाणी 'ताशी ८०'चे फलक लागले. ज्या रस्त्यावरून गळिताच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर मागच्या दिव्याशिवाय डोलत जातात, बाजाराच्या दिवशी काष्टीकडे जनावरं भरलेले पिकअप धावतात आणि शेळ्या तर रोजच जातात, तिथे ऐंशीचा आकडा कुणी काढला, असं मी एका बैठकीत विचारलं होतं. 'रस्त्याच्या वर्गवारीनुसार' असं उत्तर मिळालं. शेळ्यांना वर्गवारी माहीत नव्हती.

अपघात वाढले. रास्ता रोको झाला, निवेदनं दिली गेली, आणि वेगमर्यादेचा फेरविचार करायला एक समिती बसली. तिचं नाव दीड ओळीचं होतं. मी ते एकदाच पूर्ण वाचलं. समितीने आमच्याकडे मागच्या काही वर्षांतल्या अपघातांची जागेनुसार यादी मागवली. माझ्या रायटरने, म्हणजे ठाण्याची लिखापढी सांभाळणाऱ्या हवालदाराने, रजिस्टरं काढून यादी तयार केली. त्यात एकच जागा पुन्हा पुन्हा येत होती: फाटा. मी सही केली, शिक्का मारला. समितीने फाट्यावरची मर्यादा ऐंशीवरून तीसवर आणली. दोन्ही बाजूंना एकेक फलक मंजूर झाला.

फलक लावण्याचा कार्यक्रम झाला. होय, कार्यक्रम. मांडव, खुर्च्या, शाली, ध्वनिक्षेपक. भागातले नेते आठ गाड्यांचा ताफा घेऊन आले. त्यांचा वेग मोजण्याचं यंत्र आमच्याकडे होतं, पण बंदोबस्ताच्या दिवशी ते जीपमध्येच ठेवायचं असतं. नेत्यांनी नारळ फोडला, वेग ही आजच्या पिढीची व्याधी आहे असं सांगितलं, आणि पुढच्या कार्यक्रमाला उशीर झाला म्हणून आले त्यापेक्षा जोरात निघून गेले. प्रत्येक फलकाखाली त्यांच्या नावाची पितळी पाटी होती. तीसचा आकडा वीतभर, नाव दीड वीत.

तीन आठवड्यांनी दोन्ही फलक नाहीसे झाले.

रस्ते खात्याचे उपअभियंता तक्रार तीन प्रतींत घेऊन ठाण्यात आले. माणूस वाईट नव्हता. कागद सोडून बाकी कशावर त्याचा विश्वास नव्हता इतकंच.

"साहेब, शासकीय मालमत्तेची चोरी आहे," ते म्हणाले.

"भंगारवाल्याने नेले असतील."

"मान्यवरांच्या हस्ते लागलेले फलक आहेत."

"मग भंगारवाल्याला तसं कळवायला हवं होतं."

ते हसले नाहीत. गुन्हा दाखल झाला आणि तासाभरात नेत्यांचाही फोन आला. एवढ्या तातडीने मला त्यांचा फोन एरवी फक्त बदल्यांच्या मोसमात येत असे. "आरोपी अटक झाला पाहिजे," ते म्हणाले. "हा आमचा व्यक्तिशः अपमान आहे."

मी आणि रायटर फाट्यावर गेलो. दोन गोष्टी डोळ्यांत भरल्या. पहिली, दोन्ही पितळी पाट्या एसटीच्या निवाऱ्यातल्या बाकावर एकावर एक नीट ठेवलेल्या होत्या, आणि त्यांचे स्क्रू एका कागदाच्या पुडीत बांधून शेजारी. रायटरने वरची पाटी उचलून उलटसुलट करून बघितली.

"साहेब, ह्यानं पितळ सोडलं आणि पत्रा नेला. हा कसला चोर?"

दुसरी गोष्ट खड्ड्यांची. खांब उपटले होते तिथे खड्डे नव्हतेच. मुरूम भरून, पाणी मारून, धुम्मसाने ठोकून जमीन सपाट केलेली होती. तीस वर्षांत मी असा चोर पाहिला नव्हता, जो चोरीनंतर जागा दुरुस्त करून जातो.

खबर मिळाली ती फाट्यावरच्या हॉटेलवाल्याकडून. हा आमचा जुना माणूस. फाट्यावर काही घडलं की चहा त्याचा आणि पंच म्हणून सहीही त्याची. चहा ठेवून तो वाकला आणि हळूच म्हणाला, "साहेब, येक सांगू का? पर ह्या टायमाला पंचात माजं नाव नका घालू. कोर्टाच्या लई तारखा झाल्यात. बायकू म्हनती, हॉटेल तरी चालवा न्हायतर कोर्ट तरी."

"नाही घालत. बोल."

"बोर्ड शोधताय न्हवं? मोरीच्या वळनावर जाऊन बगा. दोनी उभं हायत. फाट्यावर नव्हतं दिसत एवढं झ्याक दिसत्यात."

फाट्यापासून सव्वादोन-अडीच किलोमीटर पुढे रस्ता एकदम वळतो. सरळ जायला जागा होती, पण रस्ता रुंद करताना एका वजनदार माणसाची विहीर आडवी आली आणि वजन विहिरीचं नसलं तरी रस्त्याने वाट बदलली. वळण संपतं तिथेच एक अरुंद मोरी, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल. रस्त्याच्या एका अंगाला दहा-बारा घरांची वस्ती, दुसऱ्या अंगाला दूध संकलन केंद्र. सकाळ-संध्याकाळ वस्ती किटल्या घेऊन रस्ता ओलांडते. समोरून येणारी गाडी दिसते तेव्हा ती वळून आलेलीच असते.

तिथे वळणाच्या अलीकडे आणि पलीकडे आमचा चोरीचा माल उभा होता. खांब ओळंब्यात, बुडाशी दगड रचलेले, दगडांना ताजा चुना. आम्ही बघत होतो तेवढ्यात पुण्याकडून आलेल्या एका गाडीने फलक बघून ब्रेक मारला.

रायटरने जीपमधून पहार काढली. नियमाने चोरीचा माल सापडला की तो जप्त करायचा, उपटायचा आणि ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत उंदरांच्या स्वाधीन करायचा. केंद्राच्या ओट्यावर एक चाळिशीची बाई दुधाचं माप घेत होती. तिने तिथूनच आवाज दिला.

"काढताय व्हय बोर्ड?"

"चोरीचा माल आहे, बाई. कुणी आणला इथे?"

"आमाला काय म्हाईत. सकाळी उठलो तर उगावला हुता."

"लोखंडी खांब उगवतो?"

"इलेक्शनच्या आदी डांबर उगावतंय, मग खांबाला काय धाड भरलीया?"

किटल्या घेऊन उभ्या असलेल्या रांगेत हसू पसरलं. रायटरलाही हसू आलं. ते त्याने मिशीत लपवलं. मी त्या दिवशी वस्तीवर अकरा जबाब घेतले. सगळे सारखे: सकाळी उठलो, बोर्ड होता. खोटं बोलणारी माणसं वेगवेगळं बोलतात, हे प्रत्येक पोलिसाला माहीत असतं. ठरवून गप्प बसणारी माणसं शब्दाला शब्द सारखं बोलतात, हे थोडं उशिरा कळतं.

निघताना मी रायटरला पहार जीपमध्ये ठेवायला सांगितली. "माल जागेवरच जप्त केला, असं लिहा."

"असं लिहिता येतं, साहेब?"

"लिहून बघू."

परत येताना डोक्यात ती सपाट केलेली जमीन होती. मी उपअभियंत्यांना फोन लावला आणि एकच विचारलं, की फलक लावताना खड्डे कुणी खणले होते. "आमच्या मैलकुलीने," ते म्हणाले. मैलकुली म्हणजे रस्त्याच्या ठरावीक लांबीची निगा राखणारा खात्याचा कामगार. साइडपट्टीची झुडपं तोडणं, मुरूम भरणं, दगडांना चुना देणं ही त्याची कामं. त्यालाच नियमाप्रमाणे फलक लावायला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो सायकलवरून ठाण्यात आला. खाकी सदरा, डोक्याला पटका, निवृत्तीला चार महिने राहिलेले. सगळे त्याला नाना म्हणत. मी चौकशीची तयारी करून बसलो होतो. कुठून सुरुवात करायची, कुठे अडवायचं, बोल्ट सोडवलेला पाना आम्हाला सापडलाय अशी थाप कधी मारायची, सगळं ठरवलेलं.

"नाना, फलक कुणी हलवले?"

"म्या."

संपली चौकशी. रायटरने अजून पेनाचं टोपणही काढलं नव्हतं.

"कशासाठी?"

"चुकीच्या जागी लावाय लावलं हुतं मला. फाट्यावर समद्याच गाड्या थांबत्यात. कोन च्याला, कोन एष्टीला. थांबल्याल्या गाडीला तीसचा बोर्ड काय करायचा?"

"नाना, अपघात फाट्यावर होतात. आमच्या रजिस्टरला आहे."

तोवर तो खाली बघून बोलत होता. आता त्याने वर पाहिलं.

"फाट्यावर? साहेब, तीसाच्या वर वर्सं झाली मला ह्या रस्त्याला. फाट्यावर काच झाडल्याली मला तर काय आठवत न्हाई."

मग त्याने सायकलच्या पिशवीतून वह्या काढल्या. खात्याची दैनंदिनी. मैलकुलीने रोज काय काम केलं ते किलोमीटरच्या दगडाप्रमाणे लिहायचं आणि आठवड्याला मुकादमाने सही करायची, अशी पद्धत. मुकादम सही करतो, वाचत नाही. या बाबतीत तो आणि मी एकाच जातकुळीचे. वळणदार, शाळकरी अक्षर होतं. 'कि.मी. १२/६००. साइडपट्टी भरली.' 'कि.मी. १९/२००. बाभळ तोडली.' आणि मधूनमधून, पुन्हा पुन्हा: 'कि.मी. १७/४००. काच झाडली. वाळू टाकली.'

कि.मी. १७/४०० म्हणजे मोरीचं वळण. फाटा पंधराच्या दगडाला आहे.

मी आमचं अपघात रजिस्टर मागवलं आणि आम्ही दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसून तारखा लावू लागलो. नानाची तारीख, आमची तारीख. नानाची जागा सतरा-चारशे, आमची जागा 'फाट्याजवळ'. पुढची. पुन्हा तेच. काही तारखांना त्याच्या वहीत काच होती आणि आमच्याकडे काहीच नव्हतं. ते अपघात ठाण्याच्या व्हरांड्यातच मिटवले गेले होते. दोन्ही बाजूंना समोर बसवून, 'कशाला कोर्टकचेरी करता' असं सांगून, त्यातले काही मी स्वतः मिटवले होते. त्या वेळी मला त्यात समजूतदारपणा वाटला होता.

आता 'फाट्याजवळ' कसं आलं ते सांगतो, कारण त्यात कुणाचं कारस्थान नव्हतं. कारस्थान असतं तर मला बरं वाटलं असतं. अपघाताचा पंचनामा करायला दोन पंच लागतात. वस्तीवरचा माणूस पंच व्हायला तयार होत नाही, कारण पुढे वर्षानुवर्षं तारखांना जावं लागतं. पंच मिळतात फाट्यावर: एक हॉटेलवाला, दुसरा पानवाला. त्यात त्या वळणावर थांबलं तर आपणच कुठल्यातरी ट्रॅक्टरखाली जाऊ, अशी जागा. म्हणून आमची जीप वळणावर जायची, वाहनं बाजूला काढायची, जखमींना पाठवायची आणि फाट्यावर परत यायची. पंचनामा हॉटेलच्या टेबलावर व्हायचा. तिथे समोर जे दिसतं ते लिहिलं जायचं. आणि वळणाला काही नावच नव्हतं. वस्तीवरच्या लोकांना कुठे राहता विचारलं तर तेही 'फाट्याजवळ' म्हणत. नाव नसलेल्या जागेत माणसं मरत होती आणि कागदावर ती नाव असलेल्या जागेत मरत होती. त्या कागदांवर प्रभारी म्हणून माझी सही होती, आणि काही पंचनाम्यांवर तर तपासी अंमलदार म्हणूनही. वळण मी डोळ्यांनी पाहिलं होतं, पण आठवायची वेळ आली की मला कागदच आठवायचा.

तारखा लावताना एका पानावर मी थांबलो. ती तारीख मला पाठ होती. दूध केंद्र चालवणारा एक तरुण माणूस सायकलवरून रस्ता ओलांडताना एका ट्रकखाली गेला होता. चालक जागेवर सापडला होता, गुन्हा माझ्याकडे होता, दोषारोपपत्र कोर्टात गेलेलं आणि साक्षी सुरू व्हायच्या होत्या. नानाच्या वहीत त्या दिवशी तेच: काच झाडली, वाळू टाकली.

"ह्या दिवशीही तुम्हीच झाडलं?"

"धाकटा भाऊ माजा." तो वहीकडे बघत होता. "दवाखान्यातनं आलो आन मग झाडलं. लोकं त्याच्यावरनं चालाय लागली हुती."

नातेवाइकांचे जबाब तेव्हा हाताखालच्या एका हवालदाराने घेतले होते, म्हणून मला हे आता कळलं: ओट्यावरून मला डांबर उगवतं म्हणून सांगणारी बाई त्या भावाची बायको होती. नवरा गेल्यावर केंद्र तीच चालवत होती.

इथून पुढे सरळ काहीच राहिलं नाही. नानाला अटक करून अठ्ठेचाळीस तासांहून जास्त कोठडीत ठेवलं असतं तर तो निलंबित, आणि निवृत्ती चौकशीत अडकलेली. अटक केली नाही तरी खात्याचा आरोप होताच, की ठाण्याने अपघातप्रवण म्हणून प्रमाणित केलेल्या जागेवरचं संरक्षण त्याने विनाआदेश काढून नेलं. प्रमाणित कुणी केलं? मी. आमची यादी बरोबर असेल, तर नाना गुन्हेगार आणि फलक पुन्हा फाट्यावर. यादी चुकीची असेल, तर नाना सुटतो आणि फलक वळणावर राहतो. पण मग त्या यादीमागचा प्रत्येक पंचनामा चुकीचा ठरतो. आणि त्यातला एक नानाच्याच भावाचा होता.

मी वरिष्ठांना भेटलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही स्वतःच्या सहीचे पंचनामे खोटे, असं लेखी देणार?"

"जागा चुकीच्या, सर. बाकी मजकूर खरा आहे."

"तो फरक तुम्ही आरोपीच्या वकिलाला समजावून सांगा. तो पेढे वाटेल." मग म्हणाले, "एका मैलकुलीसाठी?"

"वळणासाठीही, सर."

"वळण काय, उद्या फाईल फिरवून करता येईल."

फाईल फिरायला किती दिवस लागतात ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यांनी मला मनाई केली नाही. परवानगीही दिली नाही. वरिष्ठ होण्यासाठी हे जमावं लागतं.

मी नानाला आणि त्याच्या भावजयीला ठाण्यात बोलावलं आणि जे होतं ते समोर मांडलं. मी लिहून दिलं तर ट्रकवाला सुटू शकतो, हेही सांगितलं. नानाने ऐकलं आणि लगेच मान हलवली.

"मग नका लिवू. मला घाला आत. चार म्हैन्याची तर नोकरी राह्यलीया. हिची केस ऱ्हाऊ द्या."

"आन बोर्ड?" ती म्हणाली.

"बोर्डाचं बगू."

"कोन बगनार? तुमी आत, आन बोर्ड फाट्यावर च्या पीत." ती माझ्याकडे वळली. "साहेब, ट्रकवाल्याला शिक्षा झाली तर किती हुईल?"

"सांगता येत नाही. दोन वर्षांपर्यंत. कमीही."

"आन बोर्ड किती वर्सं टिकतो?"

ती उठली, पदर खोचला. "लिवा, साहेब. रोज चाळीस मानसं किटल्या घिऊन आडवी जात्यात तितनं. भाऊजींचं काय ऐकू नका, त्येंनी आख्ख्या जन्मात झाडण्याबिगर काय केल्यालं न्हाई."

नाना त्या टोमण्यावर हसला. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला, कारण आता माझ्याकडे सबब उरली नव्हती.

मी लिहिलं. नऊ अपघातांच्या जागा दुरुस्त करून, नानाच्या दैनंदिनीच्या प्रती जोडून, समितीला आणि वरिष्ठांना. फलकाच्या गुन्ह्यात 'क' समरी पाठवली, म्हणजे गुन्हा घडलाच नाही, गैरसमजातून दाखल झाला असा अहवाल. रस्ते खात्याचा फलक रस्ते खात्याच्या कामगाराने रस्ते खात्याच्याच हद्दीत एका जागेवरून दुसरीकडे लावला. तो कुणाच्याही ताब्यातून गेला नाही, यात लबाडीचा हेतू नाही. उपअभियंत्यांनी आक्षेप घेतला, की फलक विनाआदेश हलवला. मी म्हणालो, वळणावर फलक न लावण्याचा आदेश तुमच्याकडे आहे का? त्यांनी तीन दिवस फायली शोधल्या. नव्हता.

मला खुलासा विचारण्यात आला. समिती फेरपाहणीला आली, पाच गाड्यांमधून. सदस्य वळणाच्या आतल्या बाजूला घोळक्याने उभे राहिले आणि नकाशा उलगडत होते, तेवढ्यात दोन ट्रॉल्यांचा एक ट्रॅक्टर गाणी लावून वळणातून आला. अख्खी समिती दीड ओळीच्या नावासकट साइडपट्टीवरून खाली उतरली. निर्णय त्यानंतर वेगाने झाला. वळणाच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा किलोमीटर मर्यादा चाळीस, रस्त्यावर पट्टे, नवे फलक. तीसचे का नाहीत, तर चाळीस वर्गवारीत बसतं म्हणून. मी वाद घातला नाही. कार्यक्रम झाला नाही, कारण तिथे मांडव घालायला जागा नव्हती. पितळी पाट्यांचं काय करायचं हे नेत्यांच्या कार्यालयाने कधीच कळवलं नाही; त्या बहुधा अजून मुद्देमाल खोलीत असतील.

नाना वेळेवर निवृत्त झाला.

मग ट्रकवाल्याची ती केस उभी राहिली. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात होतो. आरोपीच्या वकिलांनी माझा पंचनामा आणि माझं दुरुस्तीचं पत्र शेजारी शेजारी धरलं.

"यातलं खोटं कोणतं, इन्स्पेक्टर साहेब?"

"पंचनाम्यातली जागा चुकीची आहे."

"तुम्ही घटनास्थळी पंचनामा केलात असं यात लिहिलं आहे. प्रत्यक्षात कुठे केलात?"

"हॉटेलात."

कोर्टात कुणी हसलं नाही. हॉटेलवाला पंच म्हणून आला तेव्हा त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, की साहेबांनी कागद पुढे केला, मी सही केली. संशयाचा फायदा मिळून ट्रकवाला सुटला. निकाल दीड पानांचा होता आणि त्यात न्यायाधीशांनी माझ्याबद्दल दोन वाक्यं लिहिली होती. ती रास्त होती.

बाहेर आवारात ती बाई उभी होती. नाना एसटीची वेळ बघायला गेला होता. तिची नजर चुकवून जीपकडे जाणं मला शक्य होतं, आणि खरं सांगायचं तर माझी पावलं तिकडेच वळली होती. पण मी तिच्याजवळ गेलो.

"बाई, माझ्यामुळे सुटला तो."

"सुटला तर सुटला." तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "बोर्ड लागल्यापासनं वळनावर काच न्हाई पडली. भाऊजी नोकरी सुटली तरी रोज जाऊन बगत्यात, झाडायला काय घावतंय का."

मी काहीतरी बोलायच्या तयारीत होतो. माफीचंच असेल. तिने बोलू दिलं नाही.

निवृत्तीनंतर मला अधूनमधून नव्या अधिकाऱ्यांपुढे बोलायला बोलावतात. मला पुष्पगुच्छ देतात, माझी ओळख वाचून दाखवतात, आणि तपासाचं मर्म काय असं विचारतात. त्यांना खबरे, मोबाईलचं लोकेशन, चौकशीतली युक्ती असं काहीतरी हवं असतं. मी त्यांना सांगतो की कागद कितीही नीट भरला तरी तो तुम्ही जिथे बसून भरलात तिथलाच असतो. त्यामुळे घटनेच्या जागेवर उभं राहा, दगडाचा आकडा वाचा आणि मग लिहा. त्यांचे चेहरे पडतात. एवढंच? एवढंच. ते मी शिकलो कुठे, हे मात्र कुणी विचारत नाही. ते मला त्या बाईने कोर्टाच्या आवारात, एसटीची वाट बघता बघता, आवाज न चढवता सांगितलं होतं.

"साहेब, राग न्हाई माजा. पर तुमी त्या दिशी च्या न पिता दोन किलोमीटर म्होरं थांबला असता, तर बोर्डबी मिळाला असता आन त्यो ट्रकवालाबी."

बाहेर रस्त्यावर एसटी आली, नानाने हाक मारली, ती जाऊन चढली. मी जीपमध्ये बसलो, आणि चालकाला म्हणालो, सावकाश चल.